मोटारीतील गाणे

धुळ्याहून जळगावकडे निघालेल्या मोटारीत बहिणाबाई चौधरींचे गाणे चालू असते. वाटेत मोबाइलच्या लहरी क्षीण झाल्या, तरी ते खंडित होत नाही. हे कसे बरे घडते? निघण्यापूर्वीच ते इंटरनेटवरून फोनमध्ये साठविलेले असते. ब्लूटूथच्या अल्प पल्ल्याच्या लहरी ते गाडीच्या ध्वनिक्षेपकापर्यंत नेतात.

मात्र या साठ्याला कुलूप असते आणि किल्ली कंपनीच्या हाती! स्पॉटिफायवर ३० दिवसांत फोनची इंटरनेटशी एकदाही गाठ पडली नाही, तर साठविलेली गाणी मुकी होतात.

ज्यांचे गाणे मोटारीत चालले होते, त्या बहिणाबाईंना लिहिता येत नसे. त्या काम करता करता गात. पुत्र सोपानदेव व आप्त पितांबर चौधरी ती गाणी टिपून घेत. १९५१ साली बहिणाबाई जळगावी निवर्तल्या. दुसऱ्याच वर्षी ती टिपणे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.