गिअर अडतो तेव्हा

उद्दिष्टे
हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण –
• मोटारसायकलीचा गिअर अडण्याची प्रमुख कारणे सांगू शकाल;
• लक्षणांवरून दोषाचे स्थान ओळखण्याचा क्रम स्पष्ट करू शकाल.

मूळ पाठ
समजा, पहाटे घरोघरी दूध पोहोचवणाऱ्या एका व्यावसायिकाची मोटारसायकल त्रास देऊ लागली आहे. पहिला गिअर मोठा खटका देऊन पडतो. सिग्नलपाशी न्यूट्रल सापडत नाही. ‘गिअरबॉक्स गेला, इंजिन उघडावे लागेल’ असा सल्ला त्याला मिळतो. इंजिन उघडणे म्हणजे मोठा खर्च आणि काही दिवसांची बुडालेली कमाई. तो खर्च खरोखरच आवश्यक आहे काय? हे निदानावरून ठरते. निदानाचा नियम साधा आहे : बाहेरून आत जावे आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी.

गिअरबॉक्समध्ये दंतचक्रांच्या जोड्या सतत एकमेकींत गुंतलेल्या असतात. पायाने लिव्हर दाबला, की आतील काटा एका चक्राला बाजूला सरकवतो आणि त्याचे खुंट शेजारच्या चक्राच्या खाचांत बसतात. त्या क्षणी क्लचने इंजिनची शक्ती पूर्णपणे तोडलेली असावी लागते. ती अर्धवट तुटली, तर खुंट ताणाखाली अडकून राहतात. म्हणूनच पहिला संशय क्लचवर घ्यावा.

इंजिन बंद ठेवून, गाडी किंचित पुढेमागे हलवत गिअर बदलून पाहावेत. तेव्हा ते सहज पडत असतील आणि इंजिन सुरू असताना अडत असतील, तर क्लच पूर्ण सुटत नाही, असे समजावे. क्लच लिव्हरच्या टोकाशी थोडी मोकळी चाल असते. पुष्कळ लहान मोटारसायकलींत ती १० ते २० मिलिमीटर असते. आपल्या गाडीचा अचूक आकडा तिच्या माहितीपुस्तिकेत पाहावा. चाल फार वाढली, की गिअर जड होतो आणि क्लच दाबूनही गाडी पुढे सरकू पाहते. चाल मुळीच नसेल, तर क्लच घसरतो. इंजिनचा आवाज वाढतो, वेग मात्र वाढत नाही. केबलवरील नट फिरवून ही चाल नीट करता येते. केबलच्या तारा तुटू लागल्या असल्यास केबल बदलावी.

त्यानंतर तेल तपासावे. बहुतेक मोटारसायकलींत क्लच आणि गिअरबॉक्स यांना इंजिनचेच तेल मिळते. ते कमी किंवा फार जुने झाल्यास गिअर जड होतात. मोटारगाडीचे तेल घातल्यास क्लच घसरण्याचा संभव असतो. म्हणून पुस्तिकेत सांगितलेलेच तेल वापरावे.

मग पायाजवळचा गिअर लिव्हर पाहावा. गाडी पडल्यावर तो वाकतो आणि इंजिनच्या आवरणाला अडतो, किंवा बोल्ट सैल होऊन दांड्यावर फिरतो.

हे सर्व ठीक असूनही जोर लावताच गाडी एखाद्या ठरावीक गिअरमधून सुटत असेल, तर खुंट झिजले असण्याची किंवा काटा वाकला असण्याची शक्यता असते. अशा वेळी मात्र इंजिन उघडणे टाळू नये. आपल्या उदाहरणातील लक्षणे तशी नाहीत. ती क्लचकडे बोट दाखवतात. कदाचित केवळ नट फिरवून काम भागेल.

पाठगत प्रश्न
१. गिअर बदलताना क्लच पूर्ण सुटणे का आवश्यक असते?
२. क्लच लिव्हरची मोकळी चाल वाढल्यास कोणती लक्षणे दिसतात?
३. इंजिन उघडणे केव्हा योग्य ठरते?

स्वाध्याय
‘बाहेरून आत जावे’ हा नियम घरातील एखाद्या बिघडलेल्या वस्तूस लावून आठ-दहा वाक्ये लिहा.