नवीं घरें आणि बागेचा हिशेब

त्रैराशिक शिकतांना पुष्कळ विद्यार्थ्यांच्या मनांत असा प्रश्न येतो कीं, याचा व्यवहारांत उपयोग तो काय? त्यांच्यासाठीं आज एक निराळें उदाहरण घेऊं. गांवांत नवीं घरें उठलीं म्हणजे त्यांबरोबर माणसें येतात. त्यांच्या मुलांस खेळावयास व वृद्धांस फिरावयास किती मोकळी जागा लागेल, आणि तिचा खर्च कोणीं किती सोसावा, हें साध्या त्रैराशिकानें काढतां येतें.

प्रथम आपला परिसर पाहूं. पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी हीं चार गांवें मिळून १९७० सालीं नगरपालिका झाली व १९८२ सालीं तिची महानगरपालिका झाली. २००१ च्या शिरगणतींत येथील वस्ती सुमारें १० लाख होती. २०११ मध्यें ती १७ लाखांवर गेली. चाकणकडे कारखाने वाढले, आणि मोशी, चिखली, वाकड, रावेत येथें ज्या जमिनींत पूर्वीं पिकें डोलत होतीं तेथें उंच इमारती उभ्या राहिल्या. निगडीची दुर्गाटेकडी मात्र वस्तीबरोबर वाढत नाहीं.

यासाठीं नियम नाहीं असें नव्हे. महाराष्ट्रांत २०२० सालीं बांधकामाची एकत्रित नियमावली झाली. तीप्रमाणें ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीवर वस्ती करावयाची असल्यास तिचा दहावा हिस्सा क्रीडा व करमणुकीसाठीं मोकळा ठेवावा लागतो. नियम चांगला आहे. पण तो जमीन मोजतो, माणसें मोजीत नाहीं. हें ध्यानांत येण्यासाठीं १२,००० चौरस मीटरांची एक जमीन कल्पूं. मोकळी जागा १,२०० चौरस मीटर. तेथें ५० घरें बांधलीं व घरटीं ४ माणसें धरलीं, तर २०० माणसांस दर माणशीं ६ चौरस मीटर जागा मिळते. त्याच जमिनीवर मजले चढवून २५० घरें केलीं, तर माणसें १,००० होतात व वांटा अवघा १.२ चौरस मीटर उरतो. इमारत पांचपट भरली, अंगण तेवढेंच राहिलें!

मग माणशीं किती जागा असावी? केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगररचनाविषयक मार्गदर्शिकेंत १० ते १२ चौरस मीटर हें प्रमाण सांगितलें आहे. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानानें १९६५ सालीं केलेल्या कायद्यांत दर हजार वस्तीस ३ एकर हें प्रमाण आढळतें. एक एकर म्हणजे सुमारें ४,०४७ चौरस मीटर; तेव्हां हेंही माणशीं १२ चौरस मीटरच झालें.

त्या देशांत पुष्कळ नगरें नव्या घरांवर बागेसाठीं ठराविक आकार बसवितात. त्याची रीत पाहा. खालील आंकडे केवळ उदाहरणादाखल मानलेले आहेत.

पायरी पहिली : २५० घरें × ४ = १,००० माणसें.

पायरी दुसरी : गांवांत आज माणशीं ३ चौरस मीटर बाग आहे असें समजूं. तेव्हां १,००० × ३ = ३,००० चौरस मीटर जागा हवी.

पायरी तिसरी : मालकानें दिलेली जागा वजा करावी. ३,००० − १,२०० = १,८०० चौरस मीटर.

पायरी चौथी : जमीन व बागेचें काम मिळून दर चौरस मीटरास २२,००० रुपये धरले, तर खर्च ३,९६,००,००० रुपये.

पायरी पांचवी : ३,९६,००,००० ÷ २५० = दर घरास १,५८,४०० रुपये.

दुसऱ्या पायरींत आपण १० न धरतां ३ कां धरले, हें चतुर विद्यार्थी विचारील. कारण जुनी उणीव नव्या माणसांच्या माथीं मारणें न्यायाचें नव्हे. तीं येण्यापूर्वीं गांवास जें होतें तेवढें टिकविणें एवढाच त्यांचा वांटा. उरलेलें सर्व गांवानें मिळून भरून काढावें. १९९४ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें टिगार्ड नगराच्या खटल्यांत हेंच तत्त्व सांगितलें कीं, बांधणाऱ्याकडून जें मागावयाचें तें त्याच्या बांधकामानें पडणाऱ्या भाराशीं साधारण प्रमाणांत असलें पाहिजे.

आपल्याकडे १९६६ च्या नगररचना कायद्यांत १९९२ सालीं विकास आकार घालण्यांत आला. तो सार्वजनिक सोयींसाठीं असतो; पण तो जमिनीच्या व बांधकामाच्या मानानें बसतो, माणसांच्या संख्येनें नव्हे.

पालकांनीं आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. आकार बांधणारा भरतो, पण शेवटीं तो घराच्या किंमतींत उतरतो. चाकणच्या कामगाराच्या एका खोलीस व धनिकाच्या प्रशस्त घरास सारखाच आकार लावला, तर गरिबावर भार अधिक पडतो. म्हणून तो घराच्या आकारमानाप्रमाणें कमीअधिक असावा. तसेंच पैसा ज्या वस्तीकडून घेतला तिच्याजवळच व वेळेवर खर्च व्हावा. मूल मोठें झाल्यावर क्रीडांगण मिळून काय उपयोग?

अभ्यासासाठीं प्रश्न : आवाराच्या भिंतीआंतील मोकळ्या जागेंत बाहेरचीं मुलें येऊं शकत नाहींत, म्हणून ती निम्मीच वजा धरावी असें ठरलें, तर वरील उदाहरणांत दर घरास आकार किती पडेल? उत्तर काढून झाल्यावर आपापल्या वस्तींतील मोकळी जागा पावलांनीं मोजा, घरें मोजा, आणि माणशीं वांटा किती पडतो तो वडिलांस दाखवा. जो नागरिक हिशेब करूं शकतो, तोच हिशेब मागूंही शकतो.