आधी तुझं वजन सांग

काल रात्री साडेअकराला एकापाठोपाठ सात सायकलींचे फोटो पाठवलेस आणि खाली एवढंच, "ताई, यातली कुठली?" अगं, सातही बघितल्या मी. ती शेवाळी हिरवी तर मलाही आवडली. पण फोटो बघून मी काय सांगणार? मला तुझं आजचं वजन सांग, आणि आठवड्यातले किती तास तुझी चाकं मातीवर असतात तेही खरं खरं सांग. डांबरावरचे तास त्यात धरायचे नाहीत.

शेवटचं आधी बोलू, कारण त्यावर तुझे लाखभर रुपये वाचू शकतात. रविवारी खडकवासल्यापर्यंत जायचं, चहा-भजी खाऊन परत यायचं, एवढंच असेल तर फुल सस्पेन्शन, म्हणजे पुढेमागे दोन्हीकडे शॉक असलेली, घेऊच नकोस. त्या रस्त्यावर मागचा शॉक म्हणजे नुसतं ओझं. तेवढ्याच पैशात पुढे चांगला फोर्क असलेली आणि मागे शॉक नसलेली हलकी हार्डटेल येते, आणि तिला जपावंही कमी लागतं. पण तू गेल्या महिन्यात म्हणालीस ना, तुझ्या हार्डटेलवर वेताळ टेकडीवरून खाणीच्या बाजूला उतरताना कंबर धरते, आणि चढावर दगड आला की मागचं चाक जागच्या जागी फिरतं? ते ऐकल्यापासून मला वाटतंय की तुझा फुल-ससचा हट्ट खोटा नाही. आपल्याकडची वाट म्हणजे मुरूम, घसारा आणि मधूनच वर आलेली काळ्या दगडाची पायरी. हार्डटेलचं मागचं चाक अशा पायरीवर आपटून उडतं, आणि उडालेल्या चाकाला पकड कुठून मिळणार? मागे शॉक असला की चाक दगडाच्या अंगावरून वर जातं आणि लगेच खाली मातीला चिकटतं. लोक समजतात फुल-सस उतारासाठी असते. मला तिचा खरा उपयोग चढावर कळला, खडबडीत चढावर बसून पॅडल मारता यायला लागलं तेव्हा.

एक मात्र आताच सांगून ठेवते. कोपऱ्यावरच्या दुकानात 'डबल शॉकअपवाली' म्हणून जी लोखंडी सायकल मिळते, ती ही नव्हे. तिच्यात नुसती स्प्रिंग असते. ती दाबली जाते आणि तितक्याच जोरात परत उसळते, मधे तिला आवरणारं काही नसतं. आपण ज्या क्रॉस-कंट्री सायकलीबद्दल बोलतोय तिच्या शॉकमध्ये हवा असते आणि तेल असतं. हवा तुझं वजन पेलते आणि तेल त्या हवेला शिस्त लावते. पुढेमागे १०० ते १२० मिलिमीटर ट्रॅव्हल, म्हणजे चाकाला वर-खाली व्हायची जागा, २९ इंची चाकं, आणि सगळं मिळून वजन साधारण ११ ते १३ किलो. स्कॉटची स्पार्क, स्पेशलाइज्डची एपिक, कॅननडेलची स्काल्पेल ही त्याच घरातली नावं. पूर्वी शर्यतवाले मागच्या शॉककडे बघून नाक मुरडायचे, वजन वाढतं म्हणून. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या क्रॉस-कंट्री शर्यतीत यारोस्लाव कुल्हावीनं फुल-ससवर बसून हार्डटेलवाल्या निनो शुर्टरला शेवटच्या झेपेत मागे टाकलं. पुढे शुर्टर स्वतःही फुल-ससवरच शर्यती जिंकू लागला.

आता वजनाचं. हे मी तुला जीव तोडून सांगतेय, कारण मी स्वतः दीड वर्ष भोगलंय.

मी पहिली फुल-सस घेतली तेव्हा ५१ किलोची होते. दुकानातल्या माणसानं स्वतः बसून दोनदा उड्या मारल्या, पंपानं हवा भरली, "एकदम मस्त सेट आहे, मॅडम" म्हणाला आणि मी घरी आले. तो असेल ऐंशी किलोचा. त्याच्या वजनाला बसवलेल्या हवेवर मी दीड वर्ष टेकड्या चढले-उतरले. मनगटं बधिर व्हायची, पाठ भरून यायची, उतारावर मागचं चाक लाथ मारल्यासारखं उसळायचं. आणि मला काय वाटायचं, माहितेय? माझ्यातच ताकद नाही, आपल्याला हे झेपणारं नाही. सायकल विकायला काढली होती मी. मग एका सकाळी टेकडीवर एका ओळखीच्या बाईंनी शॉकच्या दांड्यावरची ती काळी रबरी रिंग दाखवली. मी सायकलवर नुसती बसले तर ती रिंग चार मिलिमीटर सरकली. सरकायला हवी होती अकरा. म्हणजे एवढे पैसे मोजून घेतलेला शॉक माझ्याखाली जवळजवळ दगडासारखाच होता. बाईंनी थोडी थोडी करून हवा सोडली, मला पुन्हा बसवलं, पुन्हा मोजलं. त्या दिवशी मी तीच उतरण उतरले आणि खाली येऊन रडले. रडू दुखण्याचं नव्हतं. दीड वर्ष स्वतःला कमी लेखलं, त्याचं होतं.

म्हणून ही मोजणी तू स्वतः शिकून घे, कुणावर सोडू नकोस. याला सॅग म्हणतात. हेल्मेट, बूट, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, सगळं अंगावर आणि सायकलवर हवं. भिंतीला हात टेकून सायकलवर बस, आधी दोन-चारदा हलकं दाबून शॉक मोकळा कर, मग रिंग रबरी सीलला टेकव, अलगद बूड टेक आणि तितक्याच अलगद उतर. शॉकचा दांडा एकूण ४५ मिलिमीटर सरकत असेल तर रिंग ११ च्या आसपास यायला हवी, म्हणजे पाव भाग. पुढच्या फोर्कला थोडं कमी, १२० ला साधारण २० ते २४. जास्त सरकली तर हवा भर, कमी सरकली तर सोड. याला नेहमीचा पंप चालत नाही, छोटा घड्याळवाला शॉक पंप मिळतो. सायकलीबरोबर तो मागून घे, नाही दिला तर विकत घे, पण त्याच्याशिवाय घरी येऊ नकोस.

हवा कमी केली की दुसरी एक गोष्ट बदलावी लागते आणि ती बहुतेक ठिकाणी कुणी करत नाही. शॉकला खाली एक लाल चकती असते, रिबाउंडची. दाबलेला शॉक किती वेगानं परत उघडायचा ते ती ठरवते. हलक्या माणसाची हवा कमी, त्यामुळे उघडण्याचा जोरही कमी. चकती आवळलेली राहिली तर शॉक सावकाश उघडतो, पुढचा दगड येईपर्यंत पुरता उघडलेलाच नसतो, आणि तीन-चार दगडांत तो खालीच अडकून बसतो. आपल्यासारख्यांना ती चकती ससा-कासवाच्या खुणांतल्या सशाच्या, म्हणजे वेगाच्या बाजूला बरीच फिरवावी लागते. फुटपाथवरून बसल्या बसल्या खाली उतरून बघ. मागची बाजू एकदा वर येऊन शांत झाली तर ठीक. दोनतीनदा डोलली तर थोडी आवळ. आणि एवढं करूनही मोठ्या दगडावर रिंग कधीच टोकापर्यंत जात नसेल तर हवेच्या खोलीत प्लास्टिकचे तुकडे घातलेले असतात, त्यातला एखादा काढायला सांग. ही सायकल निवडतानाच विचारायची गोष्ट आहे, बरं का. "माझं वजन अमुक किलो आहे, हा शॉक माझ्यासाठी बसवून द्याल का?" असं विचार. जो माणूस "सगळ्यांना सेमच असतं" म्हणेल त्याच्याकडून घेऊ नकोस, दहा हजार स्वस्त देत असला तरी.

माप. तू पाच फूट दोन इंच, तुला 'एस'च लागणार, काही कंपन्यांची 'एक्सएस'सुद्धा. दुकानात 'एम' पडलेली असते आणि "सीट खाली केली की होतं" असं सांगून गळ्यात मारतात. नाही होत गं. सीट खाली येते, पण हँडल लांबच राहतं, तू पुढे ताणली जातेस आणि कंबरेचं दुखणं आहे तिथेच. सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर फ्रेमचं असतं. हँडल धरणारा स्टेम बदलून एखाददोन सेंटिमीटर इकडेतिकडे होईल, त्यापलीकडे नाही. फ्रेमच्या वरच्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभी राहा, मधे मोकळी जागा हवी. ब्रेकचा खटका बोटांच्या पहिल्या पेराला सहज यायला हवा, तो जवळ घ्यायला एक बारीक स्क्रू असतो. हँडल बहुतेक ७४० किंवा ७६० मिलिमीटरचं येतं. खांदे ताणल्यासारखे वाटले तर महिनाभर चालवून मग दोन्हीकडून सारखं कापून घे, घाईनं नको.

ट्रॅव्हलबद्दल तू फार काळजी करतेस, तेवढी नको. निव्वळ शर्यतीला १०० पुरतं, पण आपल्या घसाऱ्याच्या उतारांना मी पुढे १२० आणि मागे ११०-१२० च घेईन. त्याहीपेक्षा मोलाचा आहे ड्रॉपर, म्हणजे खटका दाबला की सीट खाली जाते तो. उंच सीटवर उतार उतरताना अंग मागे नेता येत नाही, आणि हँडलवरून पुढे फेकलं जाणं तिथेच होतं. फ्रेमची सीटची नळी आखूड आहे ना तेवढं बघ, नाहीतर आपल्या पायांच्या उंचीला ड्रॉपर पुरता आत जात नाही.

पैसे कशावर घालायचे? कार्बनच्या मागे लागू नकोस. ॲल्युमिनियमची फ्रेम किलोभर जड असेल, पण दगडावर पडली तर पोचा येईल, मन तुटणार नाही. गिअरही शिमानोचा डिओर पुरे. पुढे ३२ दात्यांचं एकच चक्र आणि मागे ५१ पर्यंतची कॅसेट असली की टेकडीचा कुठलाही चढ बसून निघतो. वाचलेले पैसे फोर्क-शॉक आणि टायरवर घाल. आणि विचारून घे, मागच्या गिअरचा हँगर युनिव्हर्सल आहे का. तो बोटभर तुकडा पडल्यावर वाकतो, वाकायलाच केलेला असतो. दर कंपनीचा वेगळा असेल तर तो परदेशातून येईपर्यंत तुझी लाखोंची सायकल भिंतीला टेकून उभी. युनिव्हर्सल असेल तर पटकन मिळतो. तरीही एक जास्तीचा आजच घेऊन पिशवीत टाक.

टायर ट्यूबलेसच. आपल्या टेकड्यांवर बाभळीचे काटे काय कमी आहेत? आत सीलंटचं दूध असलं की काटा काढताच भोक भरतं. पण आपल्या उन्हाळ्यात ते दूध सुकून रबराची साय होते, म्हणून दर दोन महिन्यांनी सुई घालून बघायचं. हवा १८ ते २० पीएसआय. रस्त्यावरच्या हवावाल्याला देऊ नकोस, तो चाळीस भरेल आणि तुझं सस्पेन्शन तिथेच वाया. पॅरिस ऑलिंपिकला २०२४ मध्ये टॉम पिडकॉकचं चाक शर्यतीत बसलं होतं, चाक बदलून पाठलाग करत त्यानं सुवर्ण घेतलं. तुझ्यामागे चाक घेऊन उभं राहायला मात्र कुणी नसेल, तेव्हा प्लग आणि एक ट्यूब कायम सोबत हवी.

हे ऐकून घाबरू नकोस, पण जपणूक लागते. तू आठवड्याला चार तास मातीत असशील तर तीन महिन्यांत पन्नास तास होतात, आणि साधारण तेवढ्यात फोर्कचे खालचे पाय उघडून तेल बदलायची वेळ येते. सांध्यांत बेअरिंग असतात. पावसाळ्यात काळी चिकण माती त्यांत शिरते, आणि वॉशिंग सेंटरच्या प्रेशर पाइपानं धुतलंस तर पाणी थेट आत. बादली, फडकं, जुना दात घासायचा ब्रश. एवढंच. म्हणूनच मला मागची नळी स्वतःच लवचिक असलेली फ्रेम आवडते, एक सांधा कमी, बेअरिंग कमी. किमतीतून पंधरा-वीस हजार बाजूला काढ आणि ते सर्व्हिसिंगचे म्हणून वेगळे ठेव. ते काढल्यावर जे उरतील तेवढ्याचीच सायकल घ्यायची.

जुनी मिळाली तरी मला चालेल. फक्त शॉकच्या चकचकीत दांड्यावरून नख फिरव, ओरखडा लागला तर सोड. मागचं चाक धरून आडवं हलव, सांध्यात खडखड वाजली तर बेअरिंगचा खर्च किमतीतून कमी कर. सांध्यांच्या आसपास फ्रेमवर केसाएवढी रेघ दिसली तर मोहात पडू नकोस, फुकट मिळाली तरी नको.

संगमनेरची प्रणिता सोमण एमटीबीच्या, म्हणजे माउंटन बाइकच्या, राष्ट्रीय स्पर्धांत उतरते, तिच्याबद्दल वाचून तू मला फोन केला होतास, आठवतंय? तेव्हा तुझा आवाज वेगळाच होता. तो आवाज ऐकला म्हणून मी एवढं लांबण लावलं.

ती हिरवी, तिचा 'एस' आहे का ते उद्या दुकान उघडल्यावर विचार. नाही म्हणाले तर दुसरा रंग बघू. आणि रविवारी सहाला टेकडीच्या पायथ्याशी ये, तुझे बूट आणि भरलेल्या दोन बाटल्या घेऊन. माझी सायकल तुझ्याच मापाची आहे. तुझ्या वजनाची हवा बसवते, मग खाणीजवळची ती उतरण एकदा तुझ्या हार्डटेलवर उतर आणि एकदा हिच्यावर. सकाळी फिरायला येणारी आजी-आजोबा मंडळी असतात, त्यांना आधी जाऊ द्यायचं, घंटी वाजवत मागे लागायचं नाही. शॉक पंप मी आणते.