आवाज नसलेल्या पडद्यावरचं गाणं

जर्मनीत बायर्न राज्यात एक छोटं शहर आहे. त्याच्या नावाचा उच्चार होतो 'काम', अगदी आपल्या मराठी 'काम'सारखा! तिथे रोज दुपारी १२ वाजून ५ मिनिटांनी टाउन हॉलच्या घंटांवर एक धून वाजते. ती आहे फ्रान्सच्या राष्ट्रगीताची, 'ला मार्सेयेज'ची. जर्मन गावात फ्रेंच गाणं कसं काय?

एप्रिल १७९२. फ्रान्सने ऑस्ट्रियाविरुद्ध युद्ध पुकारलं. ऱ्हाइन नदीकाठच्या स्ट्रासबुर्ग शहराचे महापौर होते डीट्रिश. त्यांनी रूजे द लील नावाच्या लष्करी अधिकाऱ्याला सैनिकांसाठी गाणं लिहायला सांगितलं. त्याने ते एका रात्रीत लिहिलं आणि सेनापती लुकनर यांना अर्पण केलं. लुकनर फ्रान्सचे सेनापती, पण त्यांचा जन्म मात्र 'काम'चा!

१९२७ साली आबेल गांस यांचा 'नेपोलियन' हा मूकपट आला. त्यात या गाण्याचा प्रसंग आहे. पॅरिसमधली भरलेली सभा. रूजे द लील लोकांना गाणं शिकवतोय. गाण्याचे कागद हातोहात फिरतायत. पडद्यावर फक्त चेहरे आणि हलणारे ओठ दिसतात. संगीत थिएटरमध्ये प्रत्यक्ष वाजवलं जायचं.

प्रसंग छान आहे, पण तसा घडला नव्हता. पॅरिसमध्ये हे गाणं गाजवलं ते मार्सेय शहरातून चालत आलेल्या स्वयंसैनिकांनी. म्हणून तर त्याला हे नाव पडलं. आणखी एक गोष्ट त्या प्रसंगात दिसत नाही. ज्यांनी गाणं लिहायला सांगितलं ते डीट्रिश आणि ज्यांना ते अर्पण केलं ते लुकनर, दोघांनाही पुढे क्रांतीच्याच सरकारने मृत्युदंड दिला. गाणं मात्र राहिलं.

मी शाळेत असताना १५ ऑगस्टच्या प्रभातफेरीत घसा बसेपर्यंत देशभक्तीची गाणी म्हणायचो. ती कोणी लिहिली, त्यांचं पुढे काय झालं, हे कधी विचारलंच नाही. तुम्ही विचारा.

शब्दार्थ
मूकपट – आवाज नसलेला चित्रपट
अर्पण करणे – आदराने देणे
स्वयंसैनिक – स्वतःहून सैन्यात आलेला माणूस
प्रभातफेरी – सकाळी गाणी म्हणत काढलेली फेरी

प्रश्न
१. 'काम' शहरात फ्रेंच धून का वाजते?
२. चित्रपटातला प्रसंग आणि खरी घटना यांत काय फरक आहे?
३. आजी-आजोबांना फोन करा. त्यांनी शाळेत म्हटलेलं एक देशभक्तीपर गाणं आणि त्याच्या कवीचं नाव विचारा. त्यावर पाच वाक्यं लिहा.