भातखाचरांतील चतुर व टाचण्या

भाद्रपदांत जुन्नर व आंबेगांव तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यांतील भातखाचरांवर चतुर घिरट्या घालीत असतात. हा प्राणी आमच्या शेतकरी बंधूंच्या इतक्या नित्य पाहण्यांतला आहे कीं, मुलांनीं त्याच्या शेपटीस दोरा बांधावा यापलीकडे त्याचा विचार सहसा होत नाहीं. वस्तुतः त्याची वाढ सर्व पाण्याखालीं होते, आणि शेतकऱ्याचा त्याच्याशीं खरा संबंध येतो तो तेथेंच.

बसतांना पंख आडवे पसरून ठेवतो तो चतुर; बहुधा पंख मिटून पाठीवर धरते ती काडीसारख्या अंगाची टाचणी. टाचणीच्या पिलास शेपटाशीं पानासारखे तीन कल्ले असतात. चतुराच्या पिलाचे कल्ले पोटाच्या मागील भागांत आंत असतात व तेथून जोरानें पाणी सोडून तें पुढें झेप घेतें. खालचा ओठ हातासारखा एकदम पुढें फेंकून हीं पिलें डांसांच्या अळ्या पकडतात. पंख फुटल्यावर भातावरील तुडतुडे व लहान पतंग त्यांच्या तोंडीं पडतात. मात्र मधमाशीही त्यांस वर्ज्य नाहीं. तेव्हां सारें पीक चतुरांवर सोंपवावें, असें आम्ही म्हणणार नाहीं.

फ्रेझर या लष्करी डॉक्टरानें १९३३ ते १९३६ या काळांत हिंदुस्थानांतील या कीटकांवर तीन खंड प्रसिद्ध केले. तेच पुढील अभ्यासाचा पाया ठरले. आज महाराष्ट्रांतून सव्वाशेंहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत. या अभ्यासाचें सार असें कीं, जसें पाणी तशी जात. सह्याद्रींतील सावलीच्या वाहत्या ओढ्यांवर राहणाऱ्या कित्येक टाचण्या उघड्या तळ्यावर दिसत नाहींत. घोड नदीवरील डिंभें किंवा कुकडीवरील माणिकडोह यांसारख्या जलाशयांत स्थिर पाण्याच्या जातींस थारा मिळतो, ओढ्याच्या जातींस नाहीं. उलट, पिवळसर रंगाचा भटका चतुर पावसाच्या डबक्यांतही दीड-दोन महिन्यांत वाढतो. पाऊस सरल्यावर तो समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जात असावा, असें मालदीव बेटांवरील निरीक्षणांवरून २००९ सालीं मांडण्यांत आलें.

म्हणून उडणारा चतुर दिसला एवढ्यावरून तो त्याच खाचरांत वाढला असें ठरत नाहीं. पिलू भाताच्या काडीवर चढून कात टाकतें. ती पोकळ कात हाच खरा पुरावा.

येथें औषधाचा प्रश्न येतो. जपानांत फिप्रोनिल हें कीटकनाशक दिलेल्या खाचरांत लाल चतुरांच्या पिलांची मोठी हानि होते, असें प्रयोगांतीं दिसून आलें. हेंच औषध खोडकिड्यासाठीं दाणेदार रूपांत आपल्याकडेही भातांत टाकतात. किडीनें नुकसानीची मर्यादा गांठली आहे कीं नाहीं हें पाहिल्यावांचून, केवळ शेजाऱ्यानें टाकलें म्हणून तें टाकणें आम्हांस गैर वाटतें. टाकलेंच, तर बांध फोडून तें पाणी ओढ्यांत सोडूं नये.

ज्यांस पडताळा पाहावयाचा असेल त्यांनीं औषध दिलेल्या व न दिलेल्या खाचरांत सारख्याच चुडांवरील काती मोजाव्या. मोजणी सकाळीं करावी. जोराच्या सरीनें काती गळून वाहून जातात.