पुरवठादाराच्या हाती नागरिकांची माहिती

दिल्लीच्या आर. के. पुरम परिसरात भिकाजी कामा प्लेस येथे प्रादेशिक पारपत्र कार्यालय आहे. मुंबईत जन्मलेल्या मादाम कामा यांचे नाव या वास्तुसमूहाला लाभले आहे. पारपत्रासाठी नागरिक जन्मतारीख, पत्ता, छायाचित्र आणि बोटांचे ठसे शासनाच्या स्वाधीन करतो. मात्र ही माहिती प्रथम स्वीकारणारे हात शासकीय नसतात. पारपत्र सेवा प्रकल्पासाठी परराष्ट्र मंत्रालयाने २००८ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसची सेवापुरवठादार म्हणून निवड केली. सेवा केंद्रातील ‘ए’ खिडकीवर कंपनीचे कर्मचारी कागदपत्रे व ठसे नोंदवितात. ‘बी’ खिडकीवर पडताळणी आणि ‘सी’ खिडकीवर मंजुरी शासकीय अधिकारी देतात. निर्णयाचा अधिकार शासनाने स्वतःकडे राखला, परंतु माहितीचा प्रवास पुरवठादाराच्या यंत्रणेतूनच होतो. म्हणूनच प्रायोगिक टप्प्यात एस.टी.क्यू.सी. या शासकीय संचालनालयाकडून प्रकल्पाची त्रयस्थ तपासणी करून घेण्यात आली.

शासनाचे पुरवठादार सर्वच इतके मोठे नसतात. महापालिकेची करदेयके छापणारा मुद्रक किंवा रुग्णालयातील नोंदी संगणकात भरणारी पाच-सात माणसांची संस्था यांच्याकडेही हजारो लोकांचे नाव-पत्ते असतात. अशा कामांच्या निविदांमध्ये ‘आय.एस.ओ. २७००१ प्रमाणपत्र आवश्यक’ ही अट आता वारंवार आढळते.

हे मानक २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१३ व २०२२ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती निघाली. सध्याच्या आवृत्तीत ९३ नियंत्रणे असून पुरवठादारांशी असलेले संबंध आणि वैयक्तिक माहितीचे रक्षण यांचाही त्यांत समावेश आहे. आय.एस.ओ. ही संघटना स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. ते काम स्वतंत्र प्रमाणन संस्था करतात. प्रमाणपत्र साधारणतः तीन वर्षांसाठी असते आणि मधल्या काळात दरवर्षी देखरेख तपासणी होते. ज्या संस्थेला अधिस्वीकृती नाही, तिचा कागद स्वस्तात मिळतो खरा. पण निविदा उघडल्यावर तो बाद ठरण्याचा धोका असतो आणि तेव्हा नवे प्रमाणपत्र मिळविण्यास वेळ उरत नाही.

प्रमाणपत्रावरील सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी वाचली जाणारी ओळ म्हणजे ‘व्याप्ती’. एखाद्या कंपनीचे मुख्य कार्यालय प्रमाणित असते, पण नोंदी भरण्याचे काम दुसऱ्याच गावच्या शाखेत चालते. अशा वेळी प्रमाणपत्र खरे असूनही त्या कामाला ते लागू होत नाही. कोणती नियंत्रणे लागू केली आणि कोणती का वगळली, हे सांगणारे ‘लागूता विवरण’ही संस्थेजवळ असावेच लागते. खरेदी करणाऱ्या कार्यालयाने ते मागितले पाहिजे. दुर्दैवाने अनेक ठिकाणी प्रमाणपत्राच्या झेरॉक्सवरच समाधान मानले जाते.

पुरवठादाराच्या एका फटीतून केवढे नुकसान होऊ शकते, याचा अनुभव बँकांनी २०१६ मध्ये घेतला. एटीएम चालविणाऱ्या एका सेवापुरवठादाराच्या यंत्रणेत घातक प्रणाली शिरल्याने विविध बँकांची सुमारे ३२ लाख डेबिट कार्डे धोक्यात आली. खातेदारांचा त्या पुरवठादाराशी काडीचाही परिचय नव्हता. कार्ड बदलून घेण्यासाठी ते आले आपापल्या बँकेच्या दारात.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ ची मांडणी याच न्यायाने झाली आहे. माहिती कशासाठी व कशी वापरावी हे जो ठरवितो, त्याच्यावर मूळ उत्तरदायित्व राहते. काम दुसऱ्याकडे सोपविले म्हणून ते संपत नाही. वाजवी सुरक्षा न ठेवल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून प्रमुख बंधने अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. दंडाची टांगती तलवार मुख्यतः काम देणाऱ्यावर असल्याने, तो आपला भार करारातून पुरवठादाराकडे वळविणार हे उघड आहे. नुकसानभरपाईचे कलम, तपासणीचा हक्क, उपकंत्राटावरील बंधन या अटींकडे दर भरताना दुर्लक्ष करणे लहान उद्योजकाला महागात पडेल. तपासणी, प्रशिक्षण व सुरक्षित साठवण यांचा खर्च दरातच धरला गेला पाहिजे. नाहीतर काम मिळते आणि नफा जातो.

वेळेच्या अटीही कडक आहेत. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार, ठरावीक स्वरूपाच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात आणि संगणकीय नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. रात्री अकरा वाजता घटना उघडकीस आली, तर दूरध्वनी कोणी कोणाला करावयाचा, हे आधीच लिहून ठेवलेले असावे.

करार संपल्यावर उरतो तो साठलेल्या माहितीचा प्रश्न. बॅकअपच्या डिस्क, छपाईसाठी घेतलेल्या प्रती, कर्मचाऱ्याच्या लॅपटॉपवरील एखादी एक्सेल फाईल, हे सारे परत करावे अथवा नष्ट करावे लागते. तसे केल्याचे लेखी प्रमाणपत्र शेवटच्या देयकासोबत जोडले, तर अनामत रक्कम मोकळी होतानाचा एक वाद तरी टळतो.