पंढरीचे शिलालेख आणि आपण वारकरी



कार्तिकी एकादशीचे कीर्तन आटोपून मठाच्या ओसरीवर टेकलो होतो. एक तरुण मुलगा पाया पडला व म्हणाला, "महाराज, तुम्ही आत्ता अठ्ठावीस युगं म्हणालात. मी पुस्तकात वाचलं की विठोबाच्या देवळाचा जुना लेख शके ११११ चा आहे. मग खरं काय मानायचं?" मी त्याला ठराविक उत्तर दिले. श्रद्धेचा प्रांत वेगळा आणि इतिहासाचा वेगळा. तो मुकाट्याने उठून गेला. पण माझे मन मात्र खाऊ लागले. कारण उत्तर खोटे नसले तरी ते मी न वाचता दिले होते. पाठशाळेत कौमुदी घोकली, पंचदशी लावली. पण ज्या देवळाच्या दारात उभे आयुष्य गेले, त्या देवळातले अक्षर कधी वाचले नव्हते. त्यानंतर जे वाचले, विद्वानांना विचारून समजून घेतले, ते येथे मांडतो.

प्रथम एक हिशेब ध्यानात ठेवावा. शकात ७८ मिळविले की इसवी सन निघतो. म्हणजे शके ११११ हा इ. स. ११८९ झाला. देवगिरीच्या यादवांपैकी भिल्लमाचा तो काळ. त्या लेखात विठ्ठलाच्या लहानशा देवळाचा उल्लेख आहे. आज आपण जो विस्तार पाहतो तो तेव्हा नव्हता.

यापुढचा लेख फार महत्त्वाचा. सोळखांबीतील तुळईवर शके ११५९ चा, म्हणजे १२३७ चा लेख आहे. होयसळ राजा सोमेश्वर भीमरथीच्या काठी पंडरगे येथे तळ देऊन राहिला होता व त्याने देवाला एक गाव दान दिले, असे त्यात आहे. भाषा संस्कृत आणि कानडी. भीमरथी म्हणजे आपली भीमा, तीच चंद्रभागा. आणि पंडरगे हे गावाचे जुने कानडी नाव. पंढरी हा शब्द त्यावरूनच आला व पांडुरंग हे त्याचे संस्कृत रूप मागाहून बनले, असे पुष्कळ संशोधकांचे म्हणणे आहे.

येथे मला स्वतःची एक कबुली दिली पाहिजे. ज्ञानोबारायांनी देवाला कानडा म्हटले आहे, कर्नाटकू म्हटले आहे. मी तीस-पस्तीस वर्षे कीर्तनात सांगत आलो की कानडा म्हणजे कळावयास कठीण, अगम्य. तो अर्थ गोड आहे, आणि वेदांताला धरूनही आहे. परंतु कर्नाटकू या शब्दाचे काय करायचे, हा प्रश्न मी नेहमी टाळीच्या गजरात बुडवून टाकीत असे. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १९१३ च्या आपल्या ग्रंथात दाखविले की विष्णु या शब्दाचे कानडीत बिट्टि असे रूप होते व विठ्ठल नाव त्याच वाटेने आले असावे. होयसळ राजा विष्णुवर्धन याचेच नाव बिट्टिदेव होते. तेव्हा ज्ञानोबाराय कोडे घालीत नव्हते, जे होते तेच सांगत होते, असे मला आता वाटते. हल्ली मी दोन्ही अर्थ सांगतो, आणि कर्नाटकातून चालत येणाऱ्या भाविकांकडे पाहून सांगतो. पुरंदरदासांची पदेही विठ्ठलाच्याच नावाने संपतात. तेनाली रामकृष्णाने सोळाव्या शतकात पांडुरंगमाहात्म्य तेलुगूत लिहिले. देव आपला एकट्याचा कधीच नव्हता.

शके ११७१ चा (इ. स. १२४९) एक ताम्रपट बेळगावकडे सापडला. यादव राजा कृष्णाच्या काळचा. त्यात या स्थळाला पौंडरीकक्षेत्र म्हटले आहे. पुंडलिक ही पुढच्या काळातील कल्पना, असे म्हणणाऱ्यांस हा ताम्रपट दाखवावा. निदान साडेसातशे वर्षांपूर्वी क्षेत्र त्याच्या नावाने ओळखले जात होते एवढे नक्की. शके ११९२ मध्ये (इ. स. १२७०) केशवाचा पुत्र भानु याने येथे आप्तोर्याम याग केल्याचाही लेख आहे. म्हणजे वैदिकही आले, राजेही आले.

सामान्य माणूस कधी आला? तो आपल्याला चौऱ्याऐंशीच्या शिळेवर भेटतो. शके ११९५ ते ११९९, म्हणजे १२७३ ते १२७७ या काळातला हा लेख. रामदेवराव यादव व हेमाडपंत यांची नावे त्यात आहेतच, पण देवाला वर्षासनासारखी दाने देणाऱ्या कितीतरी भाविकांचीही आहेत. ज्ञानेश्वरी लिहून झाली शके १२१२ मध्ये. ज्ञानोबारायांचा जन्म शके ११९३ धरा किंवा ११९७ धरा, हा लेख कोरला गेला तेव्हा माउली फार तर पाळण्यात किंवा अंगणात असेल. आणि पंढरीत तर भक्तांचा मेळा जमलेला! बहिणाबाईंच्या अभंगातले इमारतीचे रूपक आपण म्हणतो ते खरेच आहे, पण पाया घालायला जमीन लागते, आणि ती आधीच तयार होती. माउलींच्या वडिलांचे नावच विठ्ठलपंत, हे आपण रोज म्हणतो आणि विचार करीत नाही.

आता या शिळेचे दुःख. तिला पाठ घासली की चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकतो, अशी समजूत रूढ झाली. मीही लहानपणी आईबरोबर पाठ घासली आहे. पिढ्यान् पिढ्यांच्या पाठींनी अक्षरे झिजली. ज्यांनी देवाला दान दिले त्यांची नावे त्यांच्याच नातवंडा-पणतवंडांनी पुसली, आणि तीही भक्तीने! कोणाला दोष द्यावा? एका आजीला मी हे समजावून सांगितले, तर ती म्हणाली, "बुवा, मग इतकी वर्सं कुनी सांगितलं का न्हाई?" मला उत्तर नव्हते. सांगायचे काम आमचेच होते.

याहून जुने काही आहे काय? इ. स. ५१६ च्या सुमाराचा मानला जाणारा राष्ट्रकूट राजा अविधेयाचा एक ताम्रपट आहे. त्यात पांडरंगपल्ली नावाचे गाव आणि जयद्विठ्ठ नावाचा ब्राह्मण आहे. काही विद्वान म्हणतात हीच पंढरी, इतरांस ते मान्य नाही. गावे एका नावाची अनेक असतात. म्हणून मी हा पुरावा कीर्तनात सांगत नाही.

या सर्व लेखांचा पंढरीच्या संदर्भात कसून विचार पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे ग. ह. खरे यांनी १९३८ च्या 'श्रीविठ्ठल आणि पंढरपूर' या ग्रंथात केला. डॉ. शं. गो. तुळपुळे यांचे 'प्राचीन मराठी कोरीव लेख' १९६३ मध्ये निघाले. डॉ. रा. चिं. ढेरे यांचे 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' १९८४ चे. ढेरे यांनी विठ्ठलाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवात शोधले. त्यावर पुष्कळ वाद झाले. मलाही सगळे पटत नाही. पण पट्टणकोडोलीस विठ्ठल आणि बिरदेव एकत्र पाहिल्यावर ते उडवून लावण्याचे धाडस होत नाही. गोपाळकाला करणाऱ्यांनी गवळ्यांच्या देवाचे नाव ऐकून चिडावे तरी का?

अठ्ठावीस युगांचे म्हणाल तर ते मी आजही म्हणतो. शिलालेख दगडाचे वय सांगतो, देवाचे नव्हे. पण दगडाचे वय विचारले असता युगे सांगणे हे टाळणे होय. तो मुलगा पुन्हा भेटला तर त्याला हेच सांगेन, आणि शके ११११ चा लेखही नीट समजावून देईन.

अद्याप सगळे सापडले आहे असे नाही. २०२४ च्या मे महिन्यात मंदिराच्या जतनाचे काम चालू असता आत तळघर लागले व मूर्ती निघाल्या. आणि तळघर फक्त देवळातच असते असे नाही. फडांच्या, मठांच्या, बडव्या-उत्पातांच्या, जुन्या वारकरी घरांच्या माळ्यांवर बाडे पडून आहेत. घर पाडताना ती चंद्रभागेत सोडण्याची आपल्याकडे रीत आहे. कृपा करून तसे करू नका. पाने सुटी करू नका, दोरा सोडू नका, उन्हात वाळत घालू नका. कोरड्या सुती फडक्यात गुंडाळून ठेवा आणि मोडी-बाळबोध वाचणाऱ्या जाणत्याला एकदा दाखवा.